हृदयाचे राज्य आणि रक्ताचा कारभार

हृदय हा शरीराचा राजा असून त्याच्याच बळावर आणि त्याच्याच मर्जीने रक्त सर्वांगाला पोचते, ही समजूत आपल्यात इतकी मुरलेली आहे की, रक्ताभिसरणाविषयी प्रश्न निघताच शाळकरी मूल काय आणि चांगला शिकलासवरलेला गृहस्थ काय, दोघेही छातीवर हात ठेवून ‘हा पंप रक्त ढकलतो’ एवढे सांगतात आणि विषय संपला असे मानतात. हे उत्तर चुकीचे ठरवता येणार नाही. परंतु ते इतके उथळ आहे की, त्याने प्रश्न सुटण्याऐवजी झाकला जातो. पंपाने किती ढकलायचे हे कोण ठरवतो, ढकललेले रक्त परत कसे येते, आणि ते परत आले नाही तर पंपाची काय अवस्था होते, हे प्रश्न त्या उत्तराच्या बाहेरच राहतात. आणि रक्ताभिसरणाचे मर्म तर नेमके याच प्रश्नांत आहे.

माझे प्रतिपादन असे आहे. निरोगी शरीरात दर मिनिटाला किती रक्त फिरावे, हा निर्णय हृदयाच्या हाती नसतो. तो रक्ताचा उपयोग करणाऱ्या ऊती आणि ते परत आणून देणाऱ्या शिरा यांच्या हाती असतो. आलेले सर्व रक्त बिनतक्रार पुढे रवाना करणे, आणि तसे करताना शिरांच्या मुखाशी दाब जवळजवळ शून्यावर ठेवून मागच्या रक्ताला वाट मोकळी करून देणे, हे हृदयाचे कार्य होय. ते कार्य थोर आहे, अपरिहार्य आहे, पण ते राजाचे नसून कारभाऱ्याचे आहे. हा भेद केवळ वर्णनाचा असता तर त्यावर लेख खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु या चुकीच्या कल्पनेपायी रोग्यांचे प्राण गेले आहेत, हे शेवटी दाखवावयाचे आहे.

१. उगम शोधण्याचा हट्ट

वाहणाऱ्या कोणत्याही वस्तूला उगम असलाच पाहिजे, असा मनुष्यबुद्धीचा फार जुना आग्रह आहे, आणि शरीरविज्ञानाच्या इतिहासात तो निरनिराळ्या संस्कृतींत सारखाच आढळतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिसाव्या अध्यायात हृदयाला दहा महावाहिन्यांचे मूळ मानलेले आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सातशे शिरांचे मूळ नाभी सांगितले आहे. आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याच्या मते रक्त यकृतात तयार होऊन शिरांवाटे अवयवांकडे जाते व तेथेच खर्ची पडते. यांतील एकही मत अविचाराने मांडलेले नव्हते. गर्भाचे पोषण नाळेतून होते हे पाहणाऱ्याला नाभीच मूळ वाटावी, आणि अन्नरस आतड्यांतून प्रथम यकृतात जातो हे जाणणाऱ्याला यकृत मूळ वाटावे, यात नवल नाही. परंतु तिन्ही मतांचा भर देणाऱ्या टोकावर आहे. दिलेल्याचा परतावा किती, याचे मोजमाप कोठेही नाही. आपल्या प्राचीन ग्रंथांत रक्ताभिसरणाचा शोध आधीच लागलेला होता, असे हिरिरीने सांगणाऱ्यांना माझे नम्र सांगणे आहे की, परतीच्या वाटेची सूचना आणि परतलेल्या रक्ताचे माप या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीला दुसरीचे श्रेय देण्याने त्या ग्रंथांचा गौरव होत नाही.

गॅलेनच्या मतात आणखी एक अडचण होती. हृदयाच्या उजव्या निलयातले, म्हणजे खालच्या उजव्या कप्प्यातले, रक्त डाव्या निलयात कसे जाते, याचे उत्तर म्हणून त्याने दोहोंमधील जाड स्नायुमय पडद्यात अदृश्य छिद्रे कल्पिली, आणि ती कल्पना सुमारे हजार वर्षे निमूटपणे पाठ केली गेली. तेराव्या शतकात कैरो येथील वैद्य इब्न अल्-नफीस (मृत्यू १२८८) याने ही छिद्रे नाहीतच, रक्ताला डावीकडे जायचे तर फुफ्फुसांतून फिरूनच गेले पाहिजे, असे स्पष्ट लिहिले. अर्धे वर्तुळ त्याने काढले होते; उरलेल्या अर्ध्यासाठी आणखी साडेतीनशे वर्षे जावी लागली.

२. हार्वेने काय सिद्ध केले

विल्यम हार्वे (१५७८–१६५७) हा इंग्रज वैद्य इटलीतील पादुआ येथे शिकला. तेथील त्याचा गुरू फाब्रिसियस याने शिरांतील झडपांवर १६०३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला होता; परंतु रक्त शिरांतून अवयवांकडे जाते या जुन्या समजुतीला धरून त्याने असा अर्थ लावला की, हातापायांत रक्त एकदम लोटू नये म्हणून निसर्गाने हे अडसर घातले असावेत. वस्तू डोळ्यांसमोर असूनही चौकट चुकीची असली म्हणजे तिचा अर्थ कसा उलटा लागतो, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

हार्वेने तीच झडप घेऊन दिशा सिद्ध केली. ज्या प्रयोगाने ती सिद्ध केली तो आजही कोणालाही स्वतःच्या हातावर करता येतो. दंडावर पट्टी बेताची आवळली म्हणजे कोपराखालच्या शिरा फुगतात आणि त्यांवर थोड्याथोड्या अंतराने गाठीसारखे उंचवटे दिसू लागतात. तेथे झडपा असतात. मनगटाकडील बाजूस एका बोटाने शीर दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त वरच्या गाठीपलीकडे निपटून न्यावे. मधला तुकडा सपाट होतो आणि वरचे बोट काढले तरी सपाटच राहतो, कारण वरचे रक्त खाली उतरू शकत नाही. खालचे बोट उचलताच मात्र शीर क्षणात भरते. शिरांतले रक्त हृदयाकडेच जाते, दुसरीकडे नाही, हे एवढ्याने निर्विवाद ठरते.

परंतु त्याचे खरे शस्त्र गणित होते. १६२८ साली फ्रँकफुर्ट येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने प्रतिपक्षाला मुद्दाम सवलत देऊन हिशेब मांडला: हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला अर्धा औंस रक्त बाहेर पडते असे धरा, ते जास्त वाटत असेल तर एकच ड्रॅम, म्हणजे सुमारे चार ग्रॅम धरा, आणि अर्ध्या तासात ठोके हजारच धरा. तरीही अर्ध्या तासात चार किलोच्या आसपास रक्त हृदयातून जाते, म्हणजे शरीरात असलेले जवळजवळ सगळे. इतके रक्त अन्नापासून अर्ध्या तासात तयार होणे अशक्य, आणि अवयवांत जिरणेही अशक्य. तेव्हा तेच रक्त पुनःपुन्हा येत असले पाहिजे. रोहिणींतून शिरांत ते कसे उतरते, हे त्याला दिसले नव्हते. मार्चेल्लो माल्पिघी याने १६६१ साली सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुफ्फुसातील केशवाहिन्या पाहिल्या, तेव्हा हार्वेला जाऊन चार वर्षे झाली होती.

आता गंमत अशी की, ज्याने वर्तुळ सिद्ध केले त्यानेच हृदयाला सिंहासनावरही बसवले. ग्रंथाची अर्पणपत्रिका राजा पहिला चार्ल्स याला उद्देशून आहे, आणि तीत हृदयाला देहरूपी विश्वाचा सूर्य म्हणून राजाला त्याच्याशी जोडले आहे. अर्पणपत्रिकेची भाषा लोकांच्या ध्यानात राहिली आणि ग्रंथातला हिशेब मागे पडला. स्वतः हार्वे तेथे थांबला नव्हता. प्राण्यांच्या उत्पत्तीवरील १६५१ च्या ग्रंथात, उबवणीतल्या अंड्यांच्या निरीक्षणाच्या आधारे, त्याने रक्ताला हृदयाच्या आधीचे स्थान दिले. परंतु वर्तुळाला आरंभ नसतो हा त्याच्याच सिद्धान्ताचा अटळ निष्कर्ष लोकमानसात आजतागायत उतरलेला नाही.

३. एक फेरी, परतीच्या टोकापासून

पाठ्यपुस्तके फेरीचे वर्णन डाव्या निलयापासून करतात. मी ते मुद्दाम शिरांपासून करतो.

सरासरी प्रौढ शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते, आणि त्यातील जवळजवळ दोन तृतीयांश कोणत्याही क्षणी शिरांत असते. केशवाहिन्यांत, जेथे अभिसरणाचे सारे प्रयोजन साधते, ते अवघे वीसेक भागांत एक भाग असते. शिरांतले हे रक्त ऊर्ध्व आणि अधो अशा दोन महानीलांतून, म्हणजे सर्वांत मोठ्या शिरांतून, उजव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात, येते. तेथील दाब जवळजवळ शून्य असतो. त्रिदली झडप उघडी असते, आणि रक्त आपसूक उजव्या निलयात उतरते. निलयाच्या भरणीतला बहुतांश भाग असा, अलिंदाच्या आकुंचनाची वाट न पाहता, केवळ वाहून येण्याने होतो, आणि अलिंदाचे आकुंचन शेवटी सुमारे एक पंचमांशाची भर घालते. झडपांना उघडण्यामिटण्यासाठी स्वतःचा स्नायू किंवा मज्जातंतू लागत नाही. मागे दाब जास्त झाला की त्या उघडतात, पुढे जास्त झाला की मिटतात, आणि स्टेथोस्कोपमध्ये ऐकू येणारे ते दोन परिचित आवाज त्यांच्या मिटण्याचेच असतात.

उजवा निलय रक्त फुफ्फुस-रोहिणीत पाठवतो. तेथील दाब पाऱ्याच्या २५ मिलिमीटरपर्यंतच चढतो, कारण फुफ्फुसांचा मार्ग आखूड आणि ऐसपैस आहे. फुफ्फुसांत प्राणवायू घेऊन रक्त डाव्या अलिंदात व तेथून डाव्या निलयात येते, आणि डावा निलय ते महारोहिणीत सुमारे १२० मिलिमीटरांच्या दाबाने सोडतो. पुढे फाटे फुटत जातात, एकूण रुंदी वाढत जाते, आणि महारोहिणीत सेकंदाला तीसएक सेंटिमीटर धावणारे रक्त केशवाहिन्यांत सेकंदाला मिलिमीटरच्या एका अंशापर्यंत मंदावते. तेथे तांबड्या पेशी, ज्यांचा व्यास वाहिनीच्या व्यासाएवढा किंवा किंचित अधिकच असतो, अंग चोरून एकामागून एक सरकतात. एक-दोन सेकंदांत प्राणवायू देऊन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन त्या पलीकडच्या शिरेत उतरतात.

विश्रांतीत ठोका सुमारे ०.८ सेकंदाचा असतो. त्यातील ०.३ सेकंद हृदय आकुंचन पावते. उरलेला अर्धा सेकंद ते सैल होऊन रक्त घेत असते. डाव्या निलयाच्या भिंतीला स्वतःचे रक्तही मुख्यतः याच काळात मिळते, कारण आकुंचनाच्या वेळी तिच्यातल्या वाहिन्या तिच्याच जोराने आवळल्या जातात. ज्या अवयवाची कीर्ती देण्यासाठी आहे, त्याच्या वेळेचा मोठा हिस्सा घेण्यात जातो.

४. आले तेवढे गेले

येथपर्यंतचे वर्णन कोणी नाकारणार नाही. माझ्या प्रतिपादनाचा पहिला आधार मात्र पुढे आहे. उजवे आणि डावे निलय एकाच वर्तुळावर, एकापुढे एक, बसवलेले आहेत. समजा, प्रत्येक ठोक्याला उजव्याने डाव्यापेक्षा केवळ एक मिलिलिटर रक्त जास्त पाठवले. मिनिटाला ७० ठोके धरले तर दहा मिनिटांत ७०० मिलिलिटर रक्त फुफ्फुसांत अडकून पडेल, आणि फुफ्फुसांत एरवी असतेच मुळी अर्ध्या लिटरच्या आसपास. मनुष्य तासाभरात आपल्याच रक्तात बुडून मरेल. तसे होत नाही. उभे आयुष्य होत नाही. याचा अर्थ, प्रत्येक निलय आपल्याकडे किती आले हे ओळखून तेवढेच पुढे धाडतो.

हे कसे घडते, याचे उत्तर १८९५ साली जर्मनीत ओटो फ्रँक याने बेडकाच्या हृदयावर, आणि १९१४ च्या सुमारास लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग याने कुत्र्याच्या हृदयावर प्रयोग करून दिले. स्टार्लिंगने हृदय व फुफ्फुसे तेवढी ठेवून बाकीच्या शरीराचा संबंध तोडला, आणि उजव्या बाजूस एका उंचावरच्या टाकीतून रक्त सोडले. जास्त रक्त येऊ दिले की निलय अधिक ताणला जाई, आणि अधिक ताणला गेला की तो अधिक जोराने आकुंचन पावून आलेले सारे बाहेर काढी. मेंदूचा संबंध नव्हता, मज्जातंतूंची आज्ञा नव्हती. स्नायुतंतू किती ताणला गेला यावरच त्याचा जोर ठरत होता. १९६७ च्या डिसेंबरात केपटाउन येथे पहिले हृदयारोपण झाले, तेव्हापासून याचा प्रत्यय माणसांतही आलेला आहे: आरोपित हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असतात, तरी तो मनुष्य जिना चढू लागताच स्नायूंकडून परतणारे रक्त वाढते आणि नवे हृदय ते पुढे पोचवते.

५. मागणी कोठे ठरते

मग येणारे रक्त किती, हे कशावर अवलंबून? रोहिणींची शेवटची बारीक शाखा, जिला रोहिणिका म्हणतात, तिच्या भिंतीत स्नायूचा वेढा असतो. फ्रेंच वैद्य प्वाझइ याने एकोणिसाव्या शतकात दाखवले की, नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताप्रमाणे बदलतो; त्रिज्या निम्मी झाली तर त्याच दाबाखाली प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. म्हणून या वेढ्याच्या किंचित हालचालीने अवयवाच्या वाट्याचे रक्त कितीतरी पटींनी बदलते. आणि हा वेढा उघडतो कोणाच्या सांगण्याने? मुख्यतः त्या अवयवाच्याच. काम करणाऱ्या स्नायूत प्राणवायू कमी पडतो, कार्बन डायऑक्साइड, आम्ल व इतर द्रव्ये साचतात, आणि ती द्रव्येच वाहिनीला सैल करतात. विश्रांतीत स्नायूंना एकूण रक्ताचा पाचवा हिस्साही मिळत नाही. कडक परिश्रमात चार पंचमांश आणि त्याहूनही अधिक मिळतो. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोघ याला केशवाहिन्यांच्या या नियमनाच्या शोधाबद्दल १९२० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

याचा सर्वांत निखळ पुरावा डायलिसिसच्या रुग्णांत पाहावयास मिळतो. १९६६ पासून रूढ झालेल्या शस्त्रक्रियेत त्यांच्या हातातील एक रोहिणी सरळ शिरेला जोडतात, ज्याला रुग्णही फिस्टुला म्हणतात. त्यावर बोट ठेवले तर सतत थरथर जाणवते. हृदयाला कोणी हात लावलेला नसतो. तरी रोहिणीतून शिरेत उतरण्याची एक सोपी वाट उघडताच परतणारे रक्त वाढते आणि हृदयाचे मिनिटाचे काम वाढते; मोठा फिस्टुला बोटाने दाबून बंद केला तर नाडी मंदावते. हुकूम कोठून सुटला, हे येथे वादातीत आहे.

६. शिरांचा वाटा

शिरांना आपण निव्वळ परतीच्या नळ्या समजतो. त्या रक्ताचा साठा आहेत, आणि तो साठा किती आवळून धरला आहे यावर परतीचा वेग ठरतो. अमेरिकेतील मिसिसिपी येथे आर्थर गायटन याने विसाव्या शतकाच्या मध्यास या विषयाचा कसून अभ्यास केला; पोलिओने १९४६ साली स्वतःच्या शरीराची हालचाल मर्यादित झाल्यानंतरचे हे काम आहे, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. हृदय क्षणभर थांबवले तर सर्व वाहिन्यांतला दाब समान होत होत पाऱ्याच्या सुमारे ७ मिलिमीटरांवर येऊन स्थिरावतो. म्हणजे हृदयाच्या ढकलण्यावाचूनही भरलेल्या वाहिन्यांत एवढा दाब शिल्लक असतोच, आणि शिरांतील रक्ताला उजव्या अलिंदाकडे नेतो तो हा उतार: तिकडे ७, इकडे शून्य.

म्हणूनच हृदयाने आणखी जोर लावल्यास आणखी रक्त मिळेल, ही आशा फोल ठरते. अलिंदातला दाब शून्याखाली नेला तर छातीच्या तोंडाशी शिरांच्या पातळ भिंती मिटतात आणि प्रवाह वाढेनासा होतो. निरोगी हृदयाने तो दाब आधीच तळाला आणलेला असतो. पुढची वाढ हवी असेल तर शिरा आवळल्या पाहिजेत, स्नायूंनी त्या पिळल्या पाहिजेत, श्वासाने छातीतला दाब उतरला पाहिजे, किंवा रक्ताचे एकूण परिमाण वाढले पाहिजे. पोटरीचे स्नायू या कामी किती महत्त्वाचे, हे दिवसभर एका जागी उभे राहून काम करणाऱ्यांच्या पायांवरच्या फुगलेल्या निळ्या शिरा सांगतात. कवायतीत ताठ उभा असलेला धडधाकट जवान भोवळ येऊन पडतो, तेव्हा त्याचे हृदय दुबळे नसते. पायांत साचलेले रक्त वर पोचलेले नसते. त्याला आडवा करून पाय उचलले की तो शुद्धीवर येतो. अतिदक्षता विभागातील डॉक्टरही सलाईन चढवण्यापूर्वी रोग्याचे पाय उचलून सुमारे ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे लोटतात आणि ठोक्याचे परिमाण वाढते का ते पाहतात.

७. आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप उघड आहे: हृदय थांबले की माणूस मरतो, मग सत्ता दुसऱ्या कोणाची कशी? हा आक्षेप आवश्यकता आणि अधिकार यांत गल्लत करतो. रोहिणींत दाब निर्माण करण्याची ऊर्जा हृदयच देते. मिनिटाला पाच लिटर रक्त सुमारे १०० मिलिमीटरांच्या सरासरी दाबाने पुढे सारण्याचे काम एक वॉटच्या जरा वर भरते, आणि ते एक क्षणही थांबून चालत नाही. हृदय पंप नाहीच, असे म्हणणारा एक पंथही आहे. त्याच्याशी माझा काडीमात्र संबंध नाही. कारभारी नसला तर दरबार बुडतो, हे कबूल करूनही कारभारी राजा ठरत नाही.

दुसरा आक्षेप असा की, भीतीने वा धावपळीने हृदय स्वतः जोरात धडधडते, तेव्हा रक्त वाढतेच. वाढते, परंतु त्याच मज्जातंतूंच्या व ॲड्रिनलिनच्या प्रभावाने त्याच क्षणी शिराही आवळल्या जातात, आणि ती जोड नसेल तर धडधड फुकट जाते. विश्रांतीतल्या माणसाचे ठोके केवळ पेसमेकरने दुप्पट केले तर प्रत्येक ठोक्याचे परिमाण घटते आणि मिनिटाचा एकूण प्रवाह फारसा बदलत नाही. निलयाला जोडलेल्या यांत्रिक पंपांची गोष्ट याहून स्पष्ट आहे: यंत्राचा वेग येणाऱ्या रक्तापेक्षा जास्त ठेवला तर निलयाची भिंतच आत ओढली जाते आणि प्रवाह घटतो. पोलाद झाले तरी न आलेले रक्त त्याला पाठवता येत नाही.

तिसरा आक्षेप तज्ज्ञांचा आहे आणि मी त्याला सर्वांत अधिक मान देतो. मॅथ्यू लेव्ही याने १९७९ साली गायटनवर असा आक्षेप घेतला की, अलिंदातला दाब हा प्रवाहाचे कारण नसून परिणाम आहे; हृदय रक्त शिरांकडून रोहिणींकडे हलवते म्हणूनच तो उतरतो. हे म्हणणे खरे आहे. वर्तुळात प्रत्येक राशी दुसरीचे कारणही असते आणि परिणामही असते, आणि स्थिर अवस्थेत पहिले कोण हा प्रश्नच विचारता येत नाही. परंतु मग एकाच अवयवाला कर्तेपण देणाऱ्या लोकमताला यातून आधार मिळत नाही, उलट तो सुटतो. जेथे कारणांची साखळी बंद आहे, तेथे विचारायचे ते एवढेच की, कोणत्या ठिकाणचा बदल एकूण प्रवाह बदलतो. आणि निरोगी शरीरात तो बदल रोहिणिका, शिरा व रक्ताचे परिमाण येथे होतो, हे वर दाखवले आहे.

चौथा आक्षेप: हृदय आजारी पडले तर? तेव्हा मर्यादा हृदयाचीच असते, हे निःशंक मान्य केले पाहिजे. त्याला आलेले रक्त पेलवत नाही. ते मागे साचते, पायांवर सूज येते, फुफ्फुसांत पाणी उतरते. ज्या मुलांच्या हृदयाची उजवी बाजू जन्मतःच निकामी असते, त्यांच्यासाठी फ्रान्सिस फोंताँ या फ्रेंच शल्यविशारदाने १९६८ साली एक शस्त्रक्रिया केली. तिच्या आजच्या रूपात शरीरातून परतलेले रक्त उजव्या निलयावाचून थेट फुफ्फुसांकडे वळवले जाते. ती मुले जगतात, शाळेत जातात, मोठी होतात. परंतु त्यांच्या शिरांतला दाब कायम चढलेला राहतो, यकृताला त्याची झळ लागते, आणि श्रमाची मर्यादा लवकर गाठली जाते. उजव्या निलयाची नेमकी सेवा कोणती होती, ते तो नसताना कळते: परतीच्या वाटेवरचा दाब खाली ठेवणे.

८. चुकीच्या कल्पनेची किंमत

दुबळ्या हृदयावर उपाय कोणता, या प्रश्नाला राजाच्या कल्पनेतून एकच उत्तर निघते: त्याला चेतवा, त्याच्याकडून अधिक जोर काढा. या विचाराने मिलरिनोन हे हृदयाचा जोर वाढवणारे औषध तीव्र हृदयविकाराच्या रोग्यांना गोळीच्या रूपाने देऊन पाहण्यात आले. १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा दिसले की, औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी वाढले होते. याच्या उलट, १९८७ साली स्कँडिनेव्हियातून एनालाप्रिल या औषधाचा अनुभव जाहीर झाला होता. ते वाहिन्या सैल करते आणि मीठपाण्याचा साठा उतरवते, म्हणजे हृदयासमोरचा व मागचा भार हलका करते. अत्यंत गंभीर रोग्यांत सहा महिन्यांतले मृत्यू त्याने ४० टक्क्यांनी घटवले. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे फिन वागस्टाइन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७५ साली त्याहून धाडसाची गोष्ट केली होती: दुबळ्या हृदयाला चक्क मंद करणारी बीटा-ब्लॉकर औषधे दिली. वैद्यकीय जगाने ती बराच काळ निषिद्ध मानली. १९९९ साली दोन मोठ्या चाचण्यांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटलेले दिसले, आणि निषिद्ध औषध नेहमीचे झाले. मधल्या दोन तपांत किती रोग्यांना ते मिळाले नाही, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

डेंग्यूच्या गंभीर अवस्थेत रोगी थंडगार पडतो, नाडी लागत नाही, आणि नातेवाईक ‘हार्ट बंद पडतंय का’ असे विचारतात. हृदय बहुधा धडपडत असते. केशवाहिन्या गळू लागल्याने रक्तातला द्रव बाहेर जातो आणि परतायला रक्तच उरत नाही. मोजूनमापून दिलेला द्रव हाच तेथे मुख्य उपाय असतो, आणि गळती थांबल्यावर तोच द्रव जास्त झाला तर तोच अपाय.

आणि कोकणातील लाल विंचवाचे उदाहरण तर आपल्या घरचे आहे. त्याच्या विषाने मज्जातंतूंच्या टोकांतून चेतक द्रव्यांचा लोट सुटतो, हातपाय गार पडतात, सर्वांगाच्या वाहिन्या आवळून बसतात, आणि त्या मिटलेल्या वाटांवर आघात करता करता, विषाने आधीच घायाळ झालेला डावा निलय थकतो. रक्त फुफ्फुसांत तुंबते आणि रोग्याच्या तोंडाला फेस येतो. रायगड जिल्ह्यात महाडच्या परिसरात असे रोगी, त्यांत लहान मुले पुष्कळ, डोळ्यांदेखत दगावत असताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या लक्षणांचा अभ्यास करून १९८२ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये मांडला, आणि पुढे प्राझोसिन ही वाहिन्या सैल करणारी साधी गोळी वापरात आणली. त्या गोळीने हृदयाला जोर येत नाही. ती त्याच्यासमोरचा अडसर काढते. मृत्यूंचे प्रमाण त्यानंतर झपाट्याने उतरले. मोठ्या शहरातले हृदयरोगाचे रुग्णालय तेथून कित्येक तासांच्या वाटेवर होते, आणि ही गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातच देता येत होती.